टोचण्याआधी शीर बघता येते

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, किरकटवाडी, नांदोशी, धायरी, नांदेड गाव या भागांत, चालती-फिरती माणसे अचानक लुळी पडू लागली. आधी जुलाब, मग काही दिवसांनी पायांना मुंग्या, जिना चढताना गुडघे दुमडणे, आणि काहींना तर श्वासही आपला आपण घेता येईना. आजार होता गुइलेन बॅरे सिंड्रोम. ‘जीबीएस’ हे त्याचे नाव त्या महिन्यात घराघरांत पोचले. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते, असा हा विकार. दूषित पाण्याचा संशय आला, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला आणि महापालिकेने कमला नेहरू रुग्णालयात वेगळी सोय केली. पाणी, टँकर, विहिरी आणि औषधांचा खर्च यांवर तेव्हा भरपूर लिहिले गेले. मला लिहायचे आहे ते त्या उपचारातल्या एका टप्प्याविषयी, ज्याच्याकडे रुग्णालयाबाहेर कुणाचे लक्ष जात नाही. औषध किंवा यंत्र रुग्णाच्या रक्तापर्यंत पोचवायचे तर आधी शीर किंवा धमनी सापडावी लागते. ती सापडते कशी?

जीबीएसवर मुख्य उपचार दोन. एक इम्युनोग्लोब्युलिनच्या इंजेक्शनांचा. ती साध्या सलाईनसारखी हाताच्या शिरेतून देता येतात. दुसरा प्लाझ्मा बदलण्याचा. त्यात रुग्णाचे रक्त यंत्रात घेऊन त्यातला पिवळसर द्रव काढून टाकतात, त्याच्या जागी अल्ब्युमिनसारखा द्रव घालतात आणि रक्तपेशी परत शरीरात सोडतात. मोठ्या माणसात एका वेळी साधारण अडीच लिटर प्लाझ्मा बदलावा लागतो आणि दोनेक आठवड्यांत अशा चार-पाच फेऱ्या होतात. यंत्राला दर मिनिटाला शंभर मिलिलिटरच्या आसपास रक्त सलग मिळत राहावे लागते. मनगटावरच्या शिरेत घातलेली सुई तेवढे रक्त बाहेर ओढू देत नाही. शीर आतून चिकटते आणि प्रवाह तुटतो. म्हणून बहुतेक वेळा मानेतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत सुमारे चार मिलिमीटर जाडीची दुपदरी नळी बसवतात. शिवाय या आजारात रक्तदाब क्षणात चढतो, क्षणात कोसळतो. त्याच्यावर ठोक्याठोक्याला नजर ठेवायची तर मनगटातल्या धमनीत आणखी एक बारीक नळी लागते. रुग्ण हलू शकत नाही, कधी व्हेंटिलेटरवर असतो, दुखले तर ओरडूही शकत नाही. अशा माणसाच्या मानेत जाड सुई घालताना ती नेमकी कुठे चालली आहे हे दिसत असणे किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

आणि ते दिसू शकते. गरोदर बाईच्या पोटावर फिरवतात त्याच जातीच्या यंत्राने, सोनोग्राफीने.

आधी जुनी रीत बघू. शीर शोधण्याचे काम माणूस फार पूर्वीपासून बोटांनी करत आला आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शिरेतून रक्त काढण्यावर स्वतंत्र अध्याय आहे आणि शिरा माशांसारख्या निसटतात, म्हणून या कामात पुरते तरबेज कुणीच होत नाही, अशी कबुली त्यात दिलेली आहे. ज्याने वॉर्डात रात्रपाळी केली आहे त्याला हे वर्णन आजही पटेल. वयस्कर माणसाची शीर वरून ठसठशीत दिसते, सुई टेकवली की बाजूला सरकते. केमोथेरपी घेतलेल्याची शीर कडक होऊन आतून बुजते. लठ्ठ माणसाची चरबीखाली दडते. जुलाबांनी कोरड्या पडलेल्या माणसाची चपटी होते. तान्ह्या बाळाची तर दोन मिलिमीटरही नसते.

शिरेतून मीठपाणी देण्याची कल्पना १८३२ ची. स्कॉटलंडमध्ये पटकीची साथ असताना थॉमस लाटा या डॉक्टरने ती मरणपंथाला लागलेल्या रुग्णांवर वापरली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी पटकीच्या रुग्णांना शिरेतून सलाईन देऊन मृत्यूचे प्रमाण खाली आणले. हृदयाजवळच्या मोठ्या शिरांपर्यंत पोचण्याची हिंमत १९२९ मध्ये जर्मनीतल्या वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने केली. त्याने स्वतःच्याच कोपरातल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि क्ष-किरण फोटो काढून घेतला. १९५६ चे नोबेल पारितोषिक त्याला आणखी दोघांबरोबर मिळाले. पण आज जगभर रोज जी रीत वापरतात ती स्वेन-इव्हार सेल्डिंगर या स्वीडिश क्ष-किरणतज्ज्ञाची, १९५३ मधली. आधी सुई शिरेत किंवा धमनीत घालायची, सुईतून लवचिक तार आत सोडायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी सरकवायची. छोट्या छिद्रातून मोठी नळी जाते, चिरफाड लागत नाही. प्लाझ्मा बदलण्याची नळी, डायलिसिसची नळी, सेंट्रल लाइन, अँजिओग्राफी, सगळे याच मार्गाने.

सेल्डिंगरने नळी आत नेण्याचा प्रश्न सोडवला. पहिली सुई बरोबर जागी पडावी हा प्रश्न मात्र तसाच राहिला. मानेतली मोठी शीर शोधताना डॉक्टर मानेच्या स्नायूच्या दोन फाट्यांमधला त्रिकोण चाचपतात, आतल्या धमनीचा ठोका बोटाखाली घेतात आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला, त्याच बाजूच्या स्तनाग्राच्या दिशेने सुई घालतात. हजारो डॉक्टर असेच शिकले आणि त्यांनी हजारो जीव वाचवले. पण या रीतीत एक गृहीत आहे: शीर पुस्तकातल्या चित्रात जिथे आहे तिथेच या रुग्णातही असेल. प्रत्यक्षात काही जणांत ती धमनीच्या थेट वर असते, काहींत बारीक असते, काहींत आधीच्या नळीमुळे रक्ताची गुठळी होऊन बंद झालेली असते. मान जास्त वळवली तर शीर आणि धमनी एकमेकींवर येतात. सुई शिरेच्या पलीकडे गेली की मेंदूकडे रक्त नेणारी कॅरोटिड धमनी टोचली जाते. खूप खाली गेली तर फुप्फुसाच्या आवरणाला छिद्र पडते आणि छातीत हवा भरते. धमनीत बारीक सुई टोचली गेली तर दाबून धरून निभावते. पण ती शीर आहे असे समजून त्याच वाटेने जाड नळी आत गेली, तर पक्षाघातापर्यंत पाळी येऊ शकते.

आता सोनोग्राफी काय करते ते पाहू. तिच्या प्रोबमध्ये, म्हणजे त्वचेवर टेकवायच्या भागात, असे स्फटिक असतात की विजेचा दाब दिला की ते कंप पावतात आणि त्यांना कंप मिळाला की वीज देतात. हा गुणधर्म १८८० मध्ये फ्रान्समध्ये पिएर आणि जाक क्युरी या भावांनी शोधला. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. शीर बघण्याच्या प्रोबमधून सेकंदाला एक कोटीच्या आसपास कंपने निघतात. हा ध्वनी शरीरात सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो आणि जिथे एक ऊती संपून दुसरी सुरू होते तिथून त्याचा काही भाग परततो. एक सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी यायला सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्श्याच्या तेरापट वेळ लागतो. यंत्र तो वेळ मोजते, त्यावरून खोली ठरवते आणि पडद्यावर ठिपका मांडते. असे अगणित ठिपके सेकंदाला अनेकदा नव्याने मांडले जातात, म्हणून चित्र हलते-जिवंत दिसते. हवेतून हा ध्वनी पुढे जात नाही. त्वचा आणि प्रोब यांच्यामध्ये जेल लावतात ते त्यासाठी.

कंपने जितकी जास्त, तितके चित्र बारीक; पण तितका ध्वनी लवकर विरतो. पोट बघायच्या बाकदार प्रोबमधून सेकंदाला साधारण वीस ते पन्नास लाख कंपने निघतात, त्यामुळे तो खोलवर पाहतो पण बारकावे गमावतो. शिरांसाठीचा प्रोब सपाट पट्टीसारखा असतो. तो वरचे चार-पाच सेंटिमीटरच नीट दाखवतो, मात्र त्यात अर्धा मिलिमीटरचा फरकही ओळखू येतो. मानेतली मोठी शीर त्वचेपासून एक-दोन सेंटिमीटरवर आणि मनगटातली धमनी त्याहूनही वर असते, त्यामुळे एवढी खोली भरपूर झाली. प्रोबांमधला हा फरक लक्षात ठेवावा, पुढे कायद्याची गोष्ट येईल तिथे तो लागणार आहे.

पडद्यावर रक्त काळे दिसते, कारण त्यातून जवळपास काहीच परत येत नाही. शीर आणि धमनी दोन्ही काळी वर्तुळे. मग ओळखायची कशी? प्रोब हलकेच दाबायचा. शिरेतला दाब कमी असतो, तिची भिंत पातळ असते, म्हणून ती लगेच मिटते. धमनी गोल राहते आणि ठोके देत राहते. दाबूनही शीर मिटली नाही तर तिच्यात गुठळी असण्याची शक्यता धरायची आणि तिथे सुई घालायची नाही. एवढ्या साध्या कृतीत केवढी माहिती आहे! डोक्याकडची बाजू खाली केली, किंवा रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला श्वास रोखून जोर द्यायला लावला, की मानेतली शीर फुगते, तेही पडद्यावर समोर दिसते. रंगीत डॉपलर लावला तर प्रवाहही दिसतो. इथे एक समज दूर करायला हवा. पडद्यावरचा लाल रंग म्हणजे धमनी आणि निळा म्हणजे शीर, असे नसते. प्रोबच्या दिशेने येणारे रक्त एका रंगात, दूर जाणारे दुसऱ्या रंगात, एवढेच ते सांगते. प्रोब तिरका केला की रंग उलटतात.

शीर दिसली म्हणजे काम झाले असे समजणे ही नवशिक्यांची सगळ्यात मोठी फसगत. खरी कसोटी सुईचे टोक दिसण्याची आहे. प्रोब शिरेवर आडवा धरला की शिरेचा आडवा काप दिसतो आणि सुई त्या कापाला छेदते तिथे एक पांढरा ठिपका उमटतो. पण तो ठिपका टोकाचा आहे की सुईच्या मधल्या भागाचा, हे एका चित्रावरून कळत नाही, कारण काप जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो. टोक शिरेच्या पलीकडे धमनीत पोचलेले असले तरी पडद्यावर ठिपका शिरेतच दिसत राहील. म्हणून जाणकार डॉक्टर सुई थोडी पुढे नेतो, थांबतो, प्रोब एक-दोन मिलिमीटर पुढे सरकवतो म्हणजे ठिपका नाहीसा होतो, मग सुई पुन्हा पुढे नेतो म्हणजे ठिपका पुन्हा उगवतो. असे पाऊल-पाऊल करत टोक शिरेच्या मधोमध आणायचे. सुईत रक्त आले की नवखा माणूस लगेच प्लास्टिकची नळी पुढे ढकलतो आणि ती शिरेच्या भिंतीबाहेर जाते. अनुभवी माणूस टोक शिरेत आणखी सेंटिमीटरभर असेच चालवतो आणि मगच नळी सोडतो.

दुसरी पद्धत प्रोब शिरेच्या लांबीने धरण्याची. त्यात सुई मुळापासून टोकापर्यंत एका रेषेत दिसते, पण हात केसभर हलला की सुई किंवा शीर चित्राबाहेर जाते, आणि शेजारी धमनी आहे हे दिसत नाही. दोन्ही पद्धतींना आपापली जागा आहे. मला विचाराल तर शिकणाऱ्याने आधी आडव्या कापात शीर, धमनी आणि त्यांचे शेजार नीट ओळखायला शिकावे, मग लांबीच्या पद्धतीकडे वळावे. हे शिक्षण रुग्णावर सुरू करायचीही गरज नाही. जिलेटिनच्या वडीत किंवा कोंबडीच्या मांसाच्या तुकड्यात पाण्याने भरलेली रबरी नळी घातली की सरावाचे साधन तयार होते, आणि ते कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयाला परवडते.

मानेतल्या नळीच्या बाबतीत शेवटची खातरजमा तारेची. सुईतून तार सोडली की जाड नळीची वाट रुंद करण्यापूर्वी ती तार पडद्यावर शिरेतच आहे ना, हे आडव्या आणि उभ्या दोन्ही कापांत बघायचे. या बघण्याला मिनिटभरही लागत नाही, आणि धमनीत जाड नळी जाण्याचे संकट इथेच टळू शकते. छातीत हवा तर भरली नाही ना, हे तपासण्यासाठी त्याच प्रोबने मग छातीवरून फुप्फुस सरकताना दिसते का तेही पाहता येते.

याचा फायदा खरोखर किती? मानेतल्या शिरेबद्दल पुरावा भक्कम आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये ३५ अभ्यासांचा, पाच हजारांहून अधिक रुग्णांचा, एकत्र आढावा घेतला. नुसत्या खुणांवरून टोचण्याच्या तुलनेत सोनोग्राफीने एकूण गुंतागुंती ७१ टक्क्यांनी आणि चुकून धमनी टोचली जाण्याचे प्रसंग ७२ टक्क्यांनी कमी झाले. पहिल्याच प्रयत्नात शीर मिळण्याचे प्रमाणही चांगलेच वाढले. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने तर २००२ मध्येच मानेतल्या शिरेसाठी सोनोग्राफी वापरण्याची शिफारस केली होती. मनगटातल्या धमनीची गोष्टही अशीच. ती दोन-तीन मिलिमीटर रुंदीची असते, आणि रक्तदाब कोसळलेल्या माणसात नाडी बोटाला लागतच नाही. नेमक्या त्याच माणसाला धमनीतल्या नळीची सगळ्यात जास्त गरज असते. बोटाला न लागणारा ठोका पडद्यावर दिसतो.

हातावरच्या साध्या सलाईनचे मात्र तारतम्य ठेवावे लागते. शीर डोळ्यांना दिसते आहे, बोटाला लागते आहे, तर सोनोग्राफीने काही साधत नाही. वेळ जातो आणि कधी कामच अवघड होते. फायदा होतो तो अवघड शिरांच्या रुग्णात. तिथेही खोलीचा हिशेब करावा लागतो. आपल्याकडे सर्रास वापरतात त्या गुलाबी इंट्राकॅथची लांबी साधारण ३२ मिलिमीटर. शीर १२ मिलिमीटर खोल असेल आणि सुई ४५ अंशांत घातली, तर शिरेपर्यंत पोचण्यातच १७ मिलिमीटर संपतात. आत राहतात जेमतेम १५. रुग्णाने हात हलवला, कूस बदलली, की नळी शिरेतून निसटते आणि सलाईन मांसात उतरते. हात सुजतो, आपण म्हणतो शीर फुटली. खोल शिरेसाठी लांब नळीच घ्यायला हवी, आणि ती वॉर्डात असायला हवी.

पुण्यातल्या आणखी एका दुखण्याचा उल्लेख इथे करायलाच हवा. दर पावसाळ्यात डेंगीचे रुग्ण वाढतात. गंभीर डेंगीत रक्तातला द्रव केशिकांमधून बाहेर झिरपतो, शिरा मिटू लागतात आणि प्लेटलेट घसरलेल्या असतात. म्हणजे शीर सापडणे अवघड, आणि चुकून धमनी टोचली गेली तर रक्त लवकर थांबणार नाही. अशा रुग्णात मोठी नळी शक्यतो टाळतात. घालावीच लागली तर बाहेरून दाबता येईल अशी जागा निवडतात, आणि तीही बघून. गळपट्टीच्या हाडाखालची शीर अशा वेळी नकोच, कारण तिथे रक्त वाहू लागले तर हाडामुळे दाबता येत नाही.

इतके सगळे असूनही हे यंत्र प्रत्येक आयसीयूत, प्रत्येक शस्त्रक्रियागृहात का नाही? पैसा हे एक कारण, पण महाराष्ट्रात त्याहून महत्त्वाचे कारण कायद्याचे आहे, आणि त्या कायद्यामागे आपलाच इतिहास आहे. याच यंत्राने या राज्यात मुली जन्माला येण्याआधी मारल्या. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ९१३ झाल्या आणि २०११ च्या जनगणनेत ८९४. गर्भलिंगनिदानावर बंदीचा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो अमलात आला १ जानेवारी १९९६ ला. तो कागदावरच राहतो आहे असे दिसल्यावर २००० मध्ये सेहत ही संस्था, पुण्याची मासूम ही स्त्रियांच्या आरोग्यावर काम करणारी संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या आदेशांनंतरच अंमलबजावणीला जोर आला आणि २००३ मध्ये कायदा आणखी कडक झाला. म्हणून आज सोनोग्राफीचे प्रत्येक यंत्र, ते मानेतली शीर बघण्यासाठी घेतलेले असले तरी, नोंदवावे लागते. २०१२ च्या नियमांनी हातात घेऊन फिरता येणारी यंत्रे नोंदणीच्या जागेबाहेर वापरण्यावर बंधन आणले.

याचा परिणाम पुण्यासारख्या शहरात कसा होतो ते बघा. पेठांतली, कोथरूड-हडपसरमधली बरीच छोटी रुग्णालये बाहेरून येणाऱ्या भूलतज्ज्ञांवर चालतात. सकाळी एका ठिकाणी सिझेरियन, दुपारी दुसरीकडे हर्निया, रात्री तिसरीकडे अपघाताचा रुग्ण. ते आपली औषधांची आणि नळ्यांची पेटी गाडीतून बरोबर नेतात. सोनोग्राफीचे यंत्र मात्र असे नेता येत नाही. ज्या रुग्णालयात नोंदणी झालेले यंत्र नाही तिथे त्यांना बोटांच्या भरवशावरच राहावे लागते. परदेशांत अनेक ठिकाणी परिचारिकाच सोनोग्राफीने सलाईन लावतात. आपल्याकडे कायद्याच्या चौकटीत ते सोपे नाही.

यावर कायदा सैल करा असे काही जण म्हणतात. मला ते मान्य नाही. ८९४ हा आकडा ज्या राज्याचा आहे तिथे नोंदणी हवी आणि तपासणीही हवी. पण फक्त सपाट प्रोब चालेल, पोटाचा प्रोब जोडताच येणार नाही अशी यंत्रे बनवणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. वरचे चार-पाच सेंटिमीटर दाखवणाऱ्या अशा यंत्रांसाठी वेगळी, सोपी पण काटेकोर नोंदणी करण्याचा विचार सरकारने स्त्री-संघटनांना बरोबर घेऊन करावा. तोवर मोठ्या रुग्णालयांना आजच्या नियमांतही काही अडवत नाही. ससून असो की खासगी रुग्णालय, आयसीयूसाठी एक यंत्र नोंदवून ते रेडिओलॉजी विभागाच्या कुलपात न ठेवता खाटांजवळ, चोवीस तास हाताशी ठेवणे हा व्यवस्थापनाचा निर्णय आहे. रात्री दोन वाजता निवासी डॉक्टरला यंत्राची किल्ली शोधावी लागत असेल, तर ते यंत्र त्या रुग्णापुरते नसल्यातच जमा.

शिरा दाखवणारी अवरक्त किरणांची यंत्रेही आता बाजारात आहेत. रक्तातले हिमोग्लोबिन ते किरण शोषून घेते, त्यामुळे त्वचेवर शिरांचे जाळे उमटते. लहान मुलांच्या वॉर्डात त्यांचा उपयोग होतो आणि त्यांना नोंदणीही लागत नाही. पण ती काही मिलिमीटर खोलीपर्यंतच्या शिरा दाखवतात, शिरेची खोली सांगत नाहीत, आणि मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेसाठी निरुपयोगी आहेत.

स्वच्छतेबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. मोठ्या नळीतून शिरलेला जंतू थेट रक्तात जातो. म्हणून प्रोबवर निर्जंतुक आवरण, निर्जंतुक जेल, हात धुणे, गाऊन, मास्क हे सगळे हवेच. दिवसभर दहा रुग्णांना वापरलेली जेलची बाटली सेंट्रल लाइनसाठी उचलणे चालणार नाही. यंत्र आले आणि ही शिस्त गेली, तर एका हाताने दिले आणि दुसऱ्याने काढून घेतले असे होईल.

किडनीच्या रुग्णांसाठी तर शिरा वाचवणे हीच आयुष्याची तरतूद असते. डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून जी फिस्टुला करतात, ती रीत १९६६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. तिच्यासाठी मनगटापासून कोपरापर्यंतची चांगली शीर लागते. तीच शीर आधीच्या दहा-वीस सलाईनांनी बुजलेली असेल, तर फिस्टुला नीट होत नाही आणि माणूस मानेतल्या नळीवर अडकतो, जिच्यात जंतुसंसर्गाचा धोका जास्त. फिस्टुला करण्यापूर्वी सोनोग्राफीने दोन्ही हातांच्या शिरांची रुंदी मोजणे म्हणूनच गरजेचे. क्रिएटिनिन वाढलेल्या माणसाच्या, विशेषतः कमी वापरातल्या हाताच्या, मनगट ते कोपर भागात सुई टोचू नये. सलाईन तळहाताच्या मागच्या बाजूला लावावे.

रुग्णाने आणि नातेवाइकांनी काय करावे? आपल्याकडे डॉक्टरांना किंवा सिस्टरांना काही विचारणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे असे अनेकांना वाटते. तसे नाही. अमेरिकेतल्या इन्फ्युजन नर्सेस सोसायटीची मार्गदर्शक सूचना आहे की एका व्यक्तीने दोनपेक्षा जास्त वेळा टोचून बघू नये. मग अधिक अनुभवी व्यक्तीला बोलवावे किंवा सोनोग्राफीसारखे साधन घ्यावे. आपल्याकडची परिचारिका एका पाळीत किती रुग्ण सांभाळते हे ज्याने पाहिले आहे तो तिला दोष देणार नाही. पण तिलाही मदत मागण्याची मुभा असायला हवी, आणि ती मदत दारापाशी असायला हवी.

तेव्हा घरातल्या कुणाला दाखल कराल तेव्हा एवढे लक्षात ठेवा. आधी केमोथेरपी झाली असेल, शीर सापडायला नेहमी त्रास होत असेल, तर ते टोचण्याआधीच सांगा. किडनीचा विकार असेल तर कोणता हात राखून ठेवायचा तेही सांगा. दोनदा टोचून शीर मिळाली नाही, तर नम्रपणे विचारा, ‘सोनोग्राफीने बघून लावता येईल का?’ आणि मानेत किंवा जांघेत नळी घालायची असेल, तर संमतीपत्रावर सही करण्याआधीच हा प्रश्न विचारा.